सही कुणाची?

प्रश्न : मुलाचा इलेक्ट्रिकल डिप्लोमा झाला, ६८ टक्के. वर्षभर एका टेस्टिंग कंत्राटदाराकडे २२० केव्ही लाइनची ‘मोजणी’ करतोय. सतत बाहेरगावी, रात्रीबेरात्री शटडाउन. तार कोणती, लांबी किती हे ठाऊक असताना मोजायचं काय? सरकारी भरतीचा अर्ज मी त्याच्या नावाने परस्पर भरलाय. त्याला कसं समजवू?
– एक वडील, जळगाव

उत्तर : ‘परस्पर’ या शब्दावर मी अडखळले. अर्जावर सही कुणाची आहे? पडताळणीत जुळली नाही तर अडकेल तो, तुम्ही नाही. मला त्याच्या टक्क्यांची काळजी नाही, तुमच्या घाईची आहे. एवढ्या पत्रात त्याला हे काम आवडतं का, याची एक ओळ नाही!

महापारेषणची जाहिरात आली की भरू दे त्याला. डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. परीक्षांचं इतकंच.

आता ‘मोजायचं काय’. एखादा फेज जमिनीला टेकला की करंट बराचसा मातीतून परततो. माती ओली काळी की खाली कातळ, त्यावर या परतीच्या वाटेचा अडथळा, म्हणजे झीरो सिक्वेन्स इंपीडन्स, बदलतो. कागदावरच्या गणितात माती अंदाजाने धरलेली असते. सबस्टेशनमधला डिस्टन्स रिले, म्हणजे बिघाड झाला की लाइन बंद करायला लावणारं उपकरण, बिघाड किती लांब आहे ते याच आकड्यांवरून ओळखतो. त्याचा पहिला झोन, म्हणजे जिथला बिघाड तो लगेच तोडतो तो टप्पा, साधारण ८० टक्के लांबीचा. आकडा चुकला तर पुढच्या लाइनचा बिघाड आपलाच समजून तो ट्रिप करील, नाहीतर स्वतःच्या लाइनचा उशिरा ओळखेल. शिवाय शेजारची चालू लाइन मोजणीसाठी बंद ठेवलेल्या लाइनवरही ५० हर्ट्झचं व्होल्टेज चढवते. ते मोजणीत मिसळू नये म्हणून टेस्ट सेट, म्हणजे मोजणीचं यंत्र, ५० च्या थोडं खाली आणि थोडं वर अशा दोन फ्रिक्वेन्सींना करंट सोडतो आणि ५० चं उत्तर त्यावरून काढतो. मीटर बघून आकडा टिपण्याचं हे काम नाही. यात हात बसला की प्रोटेक्शनच्या, म्हणजे असे रिले सांभाळण्याच्या, कामाची वाट उघडते.

तुम्ही विचारायला हवं होतं ते वेगळंच. ते चढलेलं व्होल्टेज माणूस मारतं. यंत्राच्या तारा (लीड) जोडून झाल्यावरच लाइनचं अर्थिंग, म्हणजे जमिनीशी केलेली जोडणी, काढतात ना? लाइनवर काम करायचं परमिट कुणाच्या नावावर निघतं? लाइनच्या पलीकडच्या टोकाला कोण असतं? पीएफ, विमा आहे? उत्तरं डळमळीत आली तर कंत्राटदार बदलायला सांगा. पण त्याआधी तो अर्ज मोबाइलवर उघडून त्याच्यापुढे ठेवा.