स्पॅनिश येत असेल तर पोर्तुगीजचं व्याकरण पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं का?

तुमची स्पॅनिश बी-वनपर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, झाली आहे आणि आता नोकरीसाठी लिस्बनला जायचंय, म्हणून हा प्रश्न. मी याच क्रमाने दोन्ही भाषा शिकले. पहिल्यापासून नक्कीच करावं लागत नाही. पण जिथे दोन्ही भाषा सारख्या दिसतात तिथेच मी सगळ्यात जास्त चुकले, त्यामुळे तेवढंच सांगते. (उच्चार लिस्बनचे धरलेत, तेही अंदाजेच.)

स्पॅनिशमधलं 'मे गुस्ता एल काफे' मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. 'मला कॉफी आवडते', बस. आंबे असतील तर 'मे गुस्तान लोस मांगोस', म्हणजे 'मला आंबे आवडतात'. क्रियापद वस्तूप्रमाणे बदलतं, अगदी आपल्यासारखं. पोर्तुगीजमध्ये ही सोय संपते. तिथे 'गोश्तु द काफे', 'गोश्तु द मांगश'. आवडणारी वस्तू एक असो की दहा, क्रियापद 'मी'प्रमाणेच चालतं आणि मधला 'द' गाळता येत नाही. मी कितीतरी दिवस 'मे गोश्ता' म्हणत होते. अर्थात 'मला' धाटणीची वाक्यं पोर्तुगीजमध्ये नाहीतच असं नाही, डोकं दुखतं तेव्हा 'दॉय-म अ काबेसा' असंच म्हणतात.

खरा धोका भूतकाळात आहे. माद्रिदमध्ये 'ए त्राबाखादो मूचो' म्हणजे 'मी खूप काम केलंय'. शब्दाला शब्द ठेवून पोर्तुगीज केलंत तर 'तेन्यु त्राबाल्यादु मुइंतु' होतं. हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, पण अर्थ 'हल्ली मी सारखं खूप काम करतेय'. चूक ऐकणाऱ्याला खटकत नाही, म्हणून कुणी सुधारतही नाही. पुस्तक वाचून झालं असेल तर साधा भूतकाळ वापरा: 'ली उ लिव्रु'.

माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट आता. 'पोचलास की कळव' हे स्पॅनिशमध्ये 'क्वान्दो येगेस, अविसामे', म्हणजे वर्तमानाचा सब्जंक्टिव्ह (अजून न घडलेल्या, शक्यतेतल्या गोष्टींसाठीचं क्रियापदाचं रूप). पोर्तुगीजमध्ये मात्र 'क्वांदु शगारश, अविझा-म'. हा भविष्याचा वेगळा सब्जंक्टिव्ह आहे. स्पॅनिशमध्ये तो आता जुन्या कायद्यांच्या भाषेत उरलाय, पोर्तुगीजमध्ये रोज बोलतात. तो पाठ करायची युक्ती भूतकाळात आहे: 'विएरांव' म्हणजे 'ते आले', त्याचं शेपूट काढलं की 'विएर'. 'फिझेरांव' म्हणजे 'त्यांनी केलं', त्यावरून 'फिझेर'. आणि आपणही नेमकं हेच करतो! माणूस अजून पोचलेला नसतो, तरी आपण 'पोचलास की' असं भूतकाळी रूपच वापरतो. हे लक्षात आलं त्या दिवसापासून मला तो काळ परका वाटला नाही.

होकार देतानाही मराठीच आठवा. 'केरश काफे?' या प्रश्नाला 'केरु' हे सहज उत्तर, जसं 'येतेस?' 'येते'. स्पॅनिशच्या सवयीने नुसतं 'हो' म्हणालात तरी कळेल, पण ते कोरडं वाटतं.

लिंगं मात्र सरळ पाठ करा. दूध, रक्त, नाक, मीठ: दूध, रक्त आणि नाक स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी आणि पोर्तुगीजमध्ये पुल्लिंगी, मीठही तसंच. प्रवास उलटा: 'एल विआखे', पण 'अ विआझें'. शेवटी 'आखे' असलेले जवळजवळ सगळे शब्द असेच पालटतात, त्यामुळे एवढा एक नियम वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.