राज्याचा मुकुट, राष्ट्रीय मंच आणि करारातील कलमे

प्रश्न : माझी २० वर्षांची मुलगी पणजीतील महाविद्यालयात शिकते. गोव्यातील एका सौंदर्यस्पर्धेच्या प्राथमिक फेरीत तिची निवड झाली असून विजेती 'थेट राष्ट्रीय स्पर्धेत' जाईल, असे आयोजक सांगतात. त्यांनी ग्रूमिंग आणि पोशाखांसाठी ४० हजार रुपये मागितले आहेत, कार्यक्रमाची तिकिटे खपवण्यास सांगितले आहे आणि पाच वर्षांच्या करारावर मुलीबरोबर माझीही सही हवी आहे. स्विमसूटच्या फेरीमुळे तिच्या वडिलांचा विरोध आहे. तिची आजी मात्र 'जाऊ दे पोरीला' म्हणते. आम्ही काय करावे?
— एक आई, डिचोली

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा शब्द 'थेट' हा आहे आणि आपला पुढचा प्रत्येक निर्णय त्या शब्दाची सत्यता तपासल्यावरच व्हावा, असे मला वाटते. राज्यातून राष्ट्रीय मंचावर जाण्याचे मार्ग एकसारखे नाहीत. फेमिना मिस इंडिया ही १९६४ पासून चालत आलेली, मिस वर्ल्डकडे नेणारी स्पर्धा २०१७ पासून प्रत्येक राज्यातून एक प्रतिनिधी निवडू लागली. परंतु ती निवड त्या संस्थेच्या स्वतःच्या अर्जप्रक्रियेतून आणि चाचण्यांतून होते, गावोगावी होणाऱ्या स्वतंत्र स्पर्धांच्या निकालावरून नव्हे. मिस युनिव्हर्सकडे नेणाऱ्या स्पर्धेची व्यवस्था वेगळी आहे. तेथे राष्ट्रीय संस्था राज्यासाठी परवाना देते आणि तो परवाना असलेल्या आयोजकाची विजेती राज्याची सॅश (राज्याचे नाव लिहिलेला पट्टा) घेऊन राष्ट्रीय फेरीत उतरते. २०२५ ची मिस युनिव्हर्स इंडिया मणिका विश्वकर्मा ही त्याआधी राजस्थानच्या फेरीत विजेती ठरली होती. तिसरा प्रकार असा की, स्पर्धा पूर्णपणे स्थानिक असते, तिचा कोणत्याही राष्ट्रीय संस्थेशी लेखी संबंध नसतो आणि विजेतीला पुढे स्वतःच अर्ज भरावा लागतो, जो तिला मुकुटाशिवायही भरता आला असता.

म्हणून आयोजकांना नम्रपणे, पण लेखी विचारावे की राष्ट्रीय स्पर्धेचे नेमके नाव काय, परवाना कोणाच्या नावावर आहे आणि तो चालू वर्षाचा आहे काय. 'चालू वर्षाचा' यावर मी मुद्दाम भर देत आहे, कारण असे हक्क हस्तांतरित होत असतात. मिस युनिव्हर्ससाठी भारतीय प्रतिनिधी निवडण्याचे काम २०१३ पासून अनेक वर्षे मिस दिवा या स्पर्धेकडे होते आणि २०२१ मध्ये जगज्जेती ठरलेली हरनाझ संधू त्याच मार्गाने गेली होती. २०२४ मध्ये तो हक्क ग्लॅमानंद या संस्थेकडे गेला. गेल्या वर्षापर्यंत खरा असलेला दावा यंदा फोल ठरू शकतो. आयोजकांचे उत्तर आल्यावर राष्ट्रीय संस्थेच्या अधिकृत पत्त्यावर ई-मेल पाठवून त्याची खातरजमा करावी. ज्याच्याकडे परवाना आहे, तो या प्रश्नाने दुखावला जाणार नाही.

आता पैशांविषयी. नोंदणीसाठी माफक शुल्क घेतले जाणे समजण्यासारखे आहे आणि चालणे, उभे राहणे, बोलणे यांचे चांगले प्रशिक्षणही फुकट मिळत नाही. मात्र ज्या स्पर्धेचा खर्च प्रायोजकांऐवजी स्पर्धक मुलींच्या घरांतून आणि त्यांनी नातेवाइकांच्या गळ्यात मारलेल्या तिकिटांतून निघतो, तेथे आयोजकांचे हित गुणी मुलगी शोधण्यापेक्षा अधिक मुली जमवण्यात असते. पैसे देऊन मते वाढवण्याच्या 'लोकप्रिय' फेरीबद्दलही माझे हेच मत आहे. शुल्क भरायचेच ठरले, तर कोणत्या सेवेसाठी किती याची पावती घ्यावी आणि मुलीने माघार घेतल्यास किंवा कार्यक्रम रद्द झाल्यास परतफेड कशी होईल हे लिहून घ्यावे. जाहिरातीतील आश्वासन खोटे निघाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दाद मागता येते, तक्रार आपण राहता त्या जिल्ह्यातही दाखल करता येते आणि प्राथमिक मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. ज्या जाहिरातीत 'थेट' म्हटले आहे, तिचे छायाचित्र आजच काढून ठेवा.

करार ही मला याहून अधिक चिंतेची बाब वाटते. मुलगी सज्ञान आहे, त्यामुळे तिच्या करारावर आपल्या सहीची कायद्याने गरज नाही. ती सही साक्षीदार म्हणून मागितली आहे की जामीनदार म्हणून, हे पाहिल्याशिवाय लेखणी हाती घेऊ नका, कारण जामीनदाराच्या डोक्यावर मुलीच्या दंडाचीही जबाबदारी येते. पाच वर्षांत तिने मिळवलेल्या प्रत्येक कामातील वाटा, छायाचित्रांच्या वापराचे कायमचे हक्क, दुसऱ्या स्पर्धेत भाग घेण्यास मनाई आणि करार मोडल्यास मोठी रक्कम भरण्याची अट, ही कलमे अशा करारांत आढळतात. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार एखाद्याला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरतो आणि कलम ७४ नुसार दंडाची रक्कम कितीही लिहिली असली, तरी त्या रकमेच्या आत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई न्यायालय देववते. तथापि न्यायालयात जाऊन सुटका करून घेण्यापेक्षा सहीपूर्वी कलम खोडून घेणे केव्हाही सोपे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क आहे. डिचोलीच्या न्यायालयात चौकशी केल्यास तालुका विधी सेवा समितीची माहिती मिळेल. करार वाचण्यासाठी आठवडाभराची मुदत मागा. ती नाकारली गेली, तर तेथेच थांबा.

वडिलांच्या आक्षेपाचा अनादर करू नये, पण तो नेमक्या वस्तुस्थितीवर आधारलेला असावा. मिस वर्ल्डने स्विमसूटची फेरी बंद करण्याचा निर्णय २०१४ मध्ये जाहीर केला. मिस युनिव्हर्समध्ये ती आजही आहे. आपली स्पर्धा यांपैकी कोणत्या मंचाकडे जाते, हे कळल्यावर मुलीलाच विचारा की ती फेरी तिला मान्य आहे काय. तिचा होकार किंवा नकार हाच यात निर्णायक असला पाहिजे. सरावाच्या ठिकाणी बंद खोलीत मोजमापे घेण्याची किंवा रात्री उशिरा एकटीनेच 'प्रायोजकांना भेटण्याची' पद्धत असेल, तर मात्र कोणाच्याही मताची वाट पाहू नका, तिला घरी आणा.

आजीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. गोमंतकीय आईवडिलांच्या पोटी मुंबईत जन्मलेली रिटा फारिया वैद्यकीय शिक्षण घेत असताना आधी मिस बॉम्बे झाली, नंतर 'ईव्ह्ज वीकली' या साप्ताहिकाच्या स्पर्धेत मिस इंडिया आणि १९६६ मध्ये लंडनला मिस वर्ल्ड. हा मान मिळवणारी ती पहिली आशियाई स्त्री होती. शहराच्या फेरीतून देशाच्या आणि तेथून जगाच्या मंचावर जाण्याची ही वाट आपल्याच माणसांनी साठ वर्षांपूर्वी चालून दाखवली आहे. त्याहून मोलाचे मला हे वाटते की, विजेतेपदाचे वर्ष संपल्यावर ती वैद्यकाकडे परतली आणि डॉक्टर झाली. आपल्या मुलीच्या परीक्षा आणि सरावाच्या तारखा एकमेकींवर येतात काय, हे पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

प्रश्न : गोव्याची सौंदर्यवती म्हणवणाऱ्या एकाहून अधिक मुली एकाच वर्षी दिसतात. यांपैकी अधिकृत कोण?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : शासनाने द्यावयाचा असा कोणताही किताब नाही, म्हणून 'अधिकृत' हे केवळ विशिष्ट राष्ट्रीय स्पर्धेच्या संदर्भातच म्हणता येते. प्रत्येक राष्ट्रीय संस्थेची गोव्यातील प्रतिनिधी वेगळी असू शकते आणि त्या सर्व आपापल्या जागी खऱ्या असतात. राज्यनिहाय पद्धतीचा छोट्या राज्याला मोठा लाभ आहे. २०११ च्या जनगणनेनुसार साडेचौदा लाखांच्या गोव्याला तेवढीच एक जागा मिळते, जेवढी वीस कोटींच्या उत्तर प्रदेशाला. ती जागा दुय्यम दर्जाच्या आयोजनाने वाया जाते, तेव्हा वाईट वाटते.

प्रश्न : मी मराठी माध्यमात शिकले आहे. इंग्रजी समजते, पण मंचावर बोलताना अडखळते. प्रश्नोत्तराच्या फेरीत माझे काय होईल? टॅलेंट फेरीसाठी फुगडी आणि धालो चालतील का?
— एक विद्यार्थिनी, काणकोण

उत्तर : आंतरराष्ट्रीय मंचांवर अनेक देशांच्या मुली दुभाष्याच्या मदतीने स्वतःच्या भाषेत उत्तरे देतात. राज्यपातळीवर कोणत्या भाषेत उत्तर देता येईल, हे नोंदणीच्या वेळीच विचारून घ्या. तयारीसाठी पाठ केलेल्या इंग्रजी उत्तरांपेक्षा रोज एका बातमीवर मराठीत मिनिटभर बोला आणि मग तेच साध्या इंग्रजीत सांगा. १९९२ च्या मिस युनिव्हर्समध्ये भारताच्या प्रतिनिधी मधू सप्रे यांनी देशाची सूत्रे हाती आल्यास क्रीडांगण उभारू, असे उत्तर दिले आणि त्या तिसऱ्या आल्या. परीक्षकांना गरिबीचा उल्लेख अपेक्षित असावा, असे तेव्हापासून बोलले जाते. मला ते उत्तर आजही प्रामाणिक वाटते. खेळाडू मुलीने मैदान मागावे यात गैर काहीच नाही. मात्र मंचावरच्या अर्ध्या मिनिटात 'काय' इतकेच 'का' हेही सांगावे लागते. तेवढे साधले, तर इंग्रजीतील अडखळणे परीक्षक विसरतात.

फुगडी एकटीने घालता येत नाही आणि धालो हा मांडावर, म्हणजे गावातील पवित्र मानलेल्या ठरावीक जागेवर, स्त्रियांनी मिळून करावयाचा विधी आहे. त्याचे दीड मिनिटाचे एकटीचे रूप करताना गावातील जाणत्या बायांना विचारावे आणि मांडाशी निगडित भाग वगळावा. धालोचे एखादे गीत खुल्या आवाजात गाणे अधिक शोभेल. पोशाखाच्या फेरीसाठी कुणबी साडीचा विचार करा. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ही चौकड्यांची वीण फॅशनच्या जगापुढे नव्याने आणली आणि काणकोणच्या मुलीला ती उसनी आणल्यासारखी दिसणार नाही. ती कशी नेसतात हे घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या बाईकडून शिकून घ्या, कारण चुकीची नेसलेली कुणबी साडी गोव्यातला परीक्षक लगेच ओळखतो.

प्रश्न : वय ३४, विवाहित, एक मुलगा. माझी वेळ टळली का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : मिस युनिव्हर्सच्या मार्गाने जायचे असेल, तर नाही. २०२३ च्या स्पर्धेपासून विवाहित स्त्रिया आणि माता पात्र ठरल्या आणि २०२४ पासून २८ वर्षांची कमाल वयोमर्यादाही उठली. त्याच वर्षी अर्जेंटिनात ६० वर्षांच्या आलेहांद्रा रॉद्रिगेझ यांनी ब्युनोस आयर्सची प्रांतिक फेरी जिंकली. राष्ट्रीय मुकुट त्यांना मिळाला नाही, परंतु त्या अंतिम मंचापर्यंत पोहोचल्या. मिस वर्ल्डकडे नेणाऱ्या स्पर्धांत वयाची आणि अविवाहित असण्याची अट असते, म्हणून तेथे अर्ज करण्यात वेळ दवडू नका. विवाहितांसाठीच्या 'मिसेस' स्पर्धा स्वतंत्र संस्थांच्या असतात आणि त्यांतील विजेतीला मिस युनिव्हर्सच्या राष्ट्रीय फेरीत आपोआप प्रवेश मिळत नाही. अर्जात विवाह आणि मुलाची माहिती न लपवता लिहा. दडवलेली माहिती नंतर उघड झाल्यास किताब काढून घेतला जाऊ शकतो.