कोरलड्रॉमधील ग्रेडियंट मधोमध मळकट का होतो आणि छापल्यावर त्यात रेघा का दिसतात?

आपण लिहिले आहे की, गडद निळ्यापासून नारिंगीपर्यंत ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारा भराव) दिला की मधोमध मळकट पट्टा येतो, छापल्यावर आडव्या रेघा उमटतात, प्रेसवाले मशीनला दोष देतात आणि म्हणून आपण कोरलड्रॉ हे मांडणीचे सॉफ्टवेअर सोडून इंकस्केप हे तशाच कामाचे दुसरे सॉफ्टवेअर शिकावे की काय, या विचारात आहात. यांपैकी मळकट पट्ट्याचा मशीनशी काडीचाही संबंध नाही. हे इतक्या ठामपणे सांगतो, कारण वडोदऱ्यातील ज्या छापखान्यात मी मांडणीचे काम शिकलो तेथे याच मुद्द्यावर माझा वर्षानुवर्षे वाद झाला.

तेथील ज्येष्ठ मांडणीकारांना आम्ही सगळे भाऊ म्हणत असू. त्यांचे अक्षरांवरचे प्रभुत्व वादातीत होते. पण ग्रेडियंटबाबत त्यांचा एकच नियम होता की, एफ-११ (ग्रेडियंट भरण्याची कळ) दाबावे, दोन टोकांचे रंग द्यावेत आणि मधे हात घालू नये, मधले काम संगणकाचे. दांडिया बाजारातल्या एका गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिकेसाठी त्यांनी मुखपृष्ठावर संध्याकाळचे आकाश असेच केले होते: वर सायन (निळसर शाई) १०० टक्के आणि मॅजेंटा (गुलाबी-लाल शाई) ८० टक्के, खाली मॅजेंटा ५० आणि पिवळा १००. प्रूफ (छपाईआधीचा नमुना) आले तेव्हा मूर्तीच्या मुकुटामागे नेमका धुळकट तपकिरी पट्टा होता, आणि भाऊ मशीनवाल्यावर चिडले होते.

त्या पट्ट्याचा हिशेब कागदावर मांडता येतो. सॉफ्टवेअर मधला रंग निवडत नाही, ते फक्त सरासरी काढते. वरील दोन रंगांची सरासरी सायन ५०, मॅजेंटा ६५, पिवळा ५० अशी येते, आणि तिन्ही शाया जवळपास सारख्या प्रमाणात एकत्र आल्या की मातकट रंगच तयार होणार. पडद्यावरही तेच घडते. शुद्ध निळा आणि शुद्ध पिवळा यांच्या मध्यावर लाल, हिरवा व निळा हे तिन्ही घटक ० ते २५५ च्या मापात सुमारे १२८ होतात, म्हणजे निखळ करडा. मी त्या फाइलमध्ये ग्रेडियंटच्या रेषेवर डबल-क्लिक करून मधे एक स्टॉप (रंग ठरवून देण्याचा बिंदू) वाढवला आणि त्याला सायन ३०, मॅजेंटा ८०, पिवळा १० असा जांभळट गुलाबी रंग दिला, कारण सूर्यास्तानंतर निळे आणि नारिंगी आकाश ज्या पट्टीत एकमेकांना भेटतात तेथे असाच रंग असतो. पट्टा नाहीसा झाला, मुखपृष्ठ तसेच छापले गेले. भाऊंनी मात्र मशीन दुरुस्त झाल्याचेच सर्वांना सांगितले, आणि ते मला आजही सलते.

मधला रंग कलाकारानेच ठरवायचा असतो. वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्यांची मूळ चित्रे आहेत. त्यांतील गळ्याखालची सावली जवळून पाहिली की त्वचेच्या रंगात केवळ काळा मिसळून ती आणलेली नाही, हे कळते. म्हणूनच लालापासून काळ्यापर्यंत जाताना दुसऱ्या टोकाला नुसता काळा १०० देऊ नये. मॅजेंटा १०० आणि पिवळा १०० तसेच ठेवून त्यांवर काळा चढवावा, म्हणजे लाल मधेच फिका न पडता गडद होत जातो.

रेघांचे कारण वेगळे आहे आणि त्यात प्रेसवाल्यांचे म्हणणे थोडे खरे असू शकते. एका शाईच्या ० ते १०० टक्क्यांमध्ये साधारण २५६ छटा मिळतात. ए-४ पानाच्या २९७ मिलिमीटर उंचीवर आपण ५ टक्क्यांपासून १५ टक्क्यांपर्यंतच गेलात, तर वाट्याला जेमतेम पंचवीस छटा येतात आणि प्रत्येक छटेची पट्टी सुमारे १२ मिलिमीटरची होते, जी डोळ्यांना दिसणारच. टोकांतील फरक वाढवावा, किंवा ग्रेडियंट कमी जागेत संपवावा, किंवा ती पार्श्वभूमी बिटमॅप (ठिपक्यांची प्रतिमा) करून तिच्यात किंचित नॉइज (बारीक विखुरलेले कण) मिसळावा. छपाईची प्लेट १२०० डीपीआयवर (इंचाला १२०० ठिपके) आणि स्क्रीन, म्हणजे छपाईच्या ठिपक्यांची जाळी, इंचाला १५० लाइनची असेल, तर छटा ६५ च्या आसपासच उरतात; तेव्हा प्रेसला हे दोन आकडे अवश्य विचारावेत.

इंकस्केप चांगलेच आहे. पण सरासरी तेही काढते आणि छपाईच्या चार शायांचे (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा) काम त्यात अवघड जाते, त्यामुळे केवळ या कारणासाठी सॉफ्टवेअर बदलू नये.

वर लाल-काळ्याचे जे सांगितले त्यात शाईचे एकूण प्रमाण ३०० टक्के होते. वृत्तपत्री कागदाला ते झेपत नाही, तेथे मॅजेंटा आणि पिवळा दोन्ही उतरवावे लागतात. विनाइल (रंगीत चिकट प्लास्टिक) कापून करायच्या पाट्यांवर तर ग्रेडियंट चालतच नाही, त्यासाठी सपाट रंगाची वेगळी फाइल करावी.