जीवाश्म प्रवाळाचा नवा वंश कसा ठरवतात आणि त्याला नाव कोण देऊ शकतो?

आपण विचारले आहे की, जीवाश्म प्रवाळाचा नमुना नव्या वंशाचा आहे हे अभ्यासक कशावरून ठरवतात, आणि कच्छच्या सहलीत सापडलेल्या वेगळ्या दिसणाऱ्या प्रवाळाला हौशी संग्राहकाने नाव दिले तर ते चालते का. प्रश्नात ‘दिसायला अगदी वेगळा’ असे शब्द आहेत आणि त्या शब्दांमुळेच मी हे उत्तर लिहीत आहे. (वृत्तपत्रे ‘प्रजाती’ हा शब्द कशालाही वापरतात, म्हणून येथे मी जाती, आणि जवळच्या जातींचा गट म्हणजे वंश, हेच शब्द ठेवतो.)

पदव्युत्तर प्रबंधाच्या वर्षी मी कच्छमधील जुमारा येथील मध्य ज्युरासिक थरांतून, म्हणजे सुमारे साडेसोळा कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडकातून आणि मार्लमधून (चुनामिश्रित चिकणमातीच्या खडकातून), एकएकटे वाढणारे प्रवाळ गोळा केले होते. त्यांतील एक चपटा होता, एक भोवऱ्यासारखा, आणि एक करंगळीएवढा, नळीसारखा उभा वाढलेला, अंगावर ठरावीक अंतराने आवळल्यासारखी वळी असलेला. माझ्या मार्गदर्शकांनी पहिले दोन मोंटलिव्हाल्टिया या वंशात टाकले, जो लामुरू यांनी 1821 साली स्थापन केला आहे, आणि तिसऱ्यासाठी नवा वंश करायचे ठरवले. गावाच्या नावावरून लॅटिन रूपही तयार झाले होते. मी नमुना कापून पाहू असे म्हटले, तेव्हा एकमेव नमुना कापायचा नसतो, असे मला सांगण्यात आले.

हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. प्रवाळाचा वंश त्याच्या पोटात लिहिलेला असतो. आडव्या छेदात सांगाड्यातले उभे पडदे कोणत्या क्रमाने आणि कोणत्या सममितीने आले आहेत, त्यांच्या कडांना दाते आहेत की त्या सपाट आहेत, मध्यभागी स्तंभ आहे की नाही. उभ्या छेदात पडद्यांमधील जागा बुडबुड्यांसारख्या पुटिकांनी भरली आहे की आडव्या पाट्यांनी. आणि पडद्यांची सूक्ष्मरचना टिकली असेल तर ती कशी आहे, यावर निर्णय होतो. बाहेरचा आकार हा बराचसा त्या जागेच्या परिस्थितीचा असतो. तळावर गाळ भराभर साचत असेल, तर प्रवाळाला गाडले जाण्यापूर्वी वर वाढावे लागते आणि तो नळीसारखा होतो. गाळ थोडा असेल तर तोच प्राणी पसरट राहतो. अंगावरची वळी ही वाढ थांबून पुन्हा सुरू झाल्याची खूण असते.

म्हणून मी स्वखर्चाने पुन्हा जुमाऱ्याला गेलो आणि एकाच थरातून 41 नमुने आणले. उंची आणि व्यास मोजून ते ओळीने मांडले, तेव्हा चपट्यापासून नळीपर्यंत कोठेही खंड पडला नाही. मुळातच तुटलेले तीन नळीसारखे तुकडे मी घासले, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने पृष्ठ किंचित खाल्ले आणि ॲसिटेट पत्र्यावर छाप घेतली. तेच दातेरी पडदे, तशाच भरपूर पुटिका, आणि स्तंभ जवळजवळ नाहीच. नळीसारखा प्रवाळ मोंटलिव्हाल्टियाच होता. नव्या वंशाचा लेख तेथेच थांबला, आणि तोंडी परीक्षेत माझ्याबद्दल ‘यांच्या कामात नवीन काही नाही’ असे सांगण्यात आले. एकाच वंशातील प्राणी गाळाच्या वेगानुसार किती आकार धारण करतो हे दाखवणे नवीन नसेल, तर नवीन म्हणजे केवळ नवे नाव, असे मानावे लागेल. आणि तसे मानल्यामुळे या विषयाचे किती नुकसान झाले आहे, ते कच्छच्याच प्रवाळांत दिसते. ग्रेगरी यांनी, ज्यांचे नाव पूर्व आफ्रिकेच्या खचदरीला आहे, 1900 साली कच्छच्या ज्युरासिक प्रवाळांचे मोठे वर्णन प्रसिद्ध केले आणि बारीक फरकांवर बऱ्याच जाती केल्या. पांडे आणि फ्युर्झिश यांनी 1993 साली त्या संग्रहाला नव्या नमुन्यांची जोड देऊन त्यांतील अनेक नावे एकमेकांत विलीन केली. नाव एकदा प्रसिद्ध झाले की ते पुसता येत नाही. ते समानार्थी यादीत राहते आणि पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला त्याची दखल घ्यावी लागते.

आता नियम. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेनुसार नाव देणाऱ्याकडे पदवी असण्याची अट नाही, त्यामुळे आपल्याला नाव देता येते. मात्र वर्णन रीतसर प्रसिद्ध झाले पाहिजे, 1930 नंतरच्या वंशाला प्ररूप जाती, म्हणजे त्या नावाचा आधार ठरणारी एक जाती, नेमून द्यावी लागते, आणि ते नाव प्राणिसृष्टीतील दुसऱ्या कोणत्याही वंशाला आधी दिलेले नसावे. एका अक्षराचा फरक असला तरी पुरतो. जुन्या नावाला अग्रक्रम असतो. अटलांटिक आणि हिंद-प्रशांत महासागरांतील फेव्हिया या नावाचे जिवंत प्रवाळ एकाच वंशाचे नाहीत, असे जनुकीय अभ्यासातून दिसले, तेव्हा हिंद-प्रशांत जातींसाठी नवे नाव घडवण्यात आले नाही. ब्लँव्हिल यांचे 1830 सालचे डिप्सास्ट्रिया हे नाव 2012 मध्ये पुन्हा वापरात आणले गेले. जिवंत प्रवाळांतही बाह्य साम्याने इतकी दिशाभूल होते, आणि जीवाश्मांत तर जनुके तपासण्याची सोयही नसते.

एक गोष्ट मी आधीच सांगायला हवी होती. कापल्याने सगळे कळतेच असे नाही. ज्युरासिक प्रवाळांचा सांगाडा ॲरागोनाइट या खनिजाचा होता आणि कालांतराने त्याचे बहुधा कॅल्साइट हे दुसरे खनिज होते. त्यात सूक्ष्मरचना नाहीशी होते आणि छेदात नुसते स्फटिक दिसतात. शिवाय खरोखर एकच नमुना असेल तर कापण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे आणि साचा घेणे आवश्यक आहे. त्या मुद्द्यावर माझे मार्गदर्शक पूर्णपणे चुकीचे नव्हते. एकट्या मोंटलिव्हाल्टियापासून फांद्यांचा थेकोस्मिलिया केवळ वसाहतीच्या रूपावरून वेगळा ठेवावा की नाही, यावरही जाणकारांत मतभेद आहेत. माझे मत, फक्त तेवढ्यावरून ठेवू नये.

आपला नमुना कोणत्या उतारावरून, कोणत्या थरातून आला ते आजच लिहून ठेवावे, त्याच थरातील निदान वीस-तीस नमुने पाहावेत, आणि तोपर्यंत डबीवर ‘मोंटलिव्हाल्टिया, जाती अनिश्चित’ इतकेच लिहावे. माझ्या त्या नळीसारख्या प्रवाळाच्या डबीवर अजूनही तेच लिहिलेले आहे.