शहराची व्हेपबंदी, काउंटरवरचा माल आणि नागरिकत्वाचा अर्ज

प्रश्न : कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतील एका लहान शहरात माझे सिगारेट, बिअर आणि किरकोळ सामानाचे दुकान आहे. एका घाऊक विक्रेत्याने ‘हा हेम्पचा (नशा आणणारे द्रव्य कमी असलेल्या भांगवर्गीय वनस्पतीचा) माल आहे, सगळ्या अमेरिकेत कायदेशीर आहे’ असे सांगून व्हेप पेन (द्रव तापवून त्याची वाफ ओढण्याचे उपकरण) आणि त्याची कार्ट्रिज विकायला दिली. शहराच्या कोड एन्फोर्समेंट (स्थानिक नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या) अधिकाऱ्याने ती पाहून, गांजाच्या व्हेपची विनापरवाना विक्री केल्याबद्दल दंडाची नोटीस दिली आहे. तंबाखू विक्रीचा परवानाही रद्द होऊ शकतो, असे तीत म्हटले आहे. राज्यात २०१६ पासून गांजा कायदेशीर असताना शहराला अशी बंदी घालता येते का? रीतसर परवाना काढता येईल का? की दंड भरून मोकळे व्हावे? माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्वाचा अर्ज प्रलंबित आहे आणि डिसेंबरात भाचीच्या लग्नाला साताऱ्याला जायचे आहे.

उत्तर : आपण पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेले वाक्य, म्हणजे ग्रीन कार्ड, अर्ज आणि साताऱ्याचा प्रवास, हेच मला या प्रकरणात सर्वांत गंभीर वाटते. दंडाची रक्कम त्या मानाने किरकोळ आहे. तरीही आपल्या प्रश्नांची उत्तरे क्रमाने देतो, कारण शेवटचा सल्ला त्यांच्यावरच आधारलेला आहे.

शहराला बंदी घालता येते. नोव्हेंबर २०१६ च्या मतदानात संमत झालेल्या प्रपोझिशन ६४ ने एकवीस वर्षांवरील व्यक्तीला ठरावीक प्रमाणात गांजा बाळगण्याची मुभा दिली. तो विकण्याचा हक्क मात्र कोणालाही आपोआप दिला नाही. पुढे २०१७ मध्ये झालेल्या राज्याच्या कायद्यात, बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडच्या कलम २६२०० मध्ये, शहरे आणि काउंट्या असे व्यवसाय नियंत्रित करू शकतात किंवा पूर्णपणे बंद ठेवू शकतात, असे स्पष्ट लिहिले आहे. त्याच्याही आधी, २०१३ मध्ये, रिव्हरसाइड शहराच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय गांजाच्या दुकानांवरील स्थानिक बंदी वैध ठरवली होती. राज्यातील निम्म्याहून अधिक स्थानिक संस्था आजही गांजाच्या किरकोळ दुकानाला परवानगी देत नाहीत. व्हेपच्या बाबतीत तर २०१९ मध्ये फुप्फुसांच्या आजाराची जी साथ आली, जीत फेब्रुवारी २०२० पर्यंत देशभरात २,८०७ रुग्णांची आणि ६८ मृत्यूंची नोंद झाली, तिच्यानंतर स्थानिक संस्था अधिकच कडक झाल्या. तपासात बोट प्रामुख्याने काळ्या बाजारातील टीएचसी (गांजातील नशा आणणारे द्रव्य) कार्ट्रिजमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटकडे वळले, आणि तेव्हापासून कोणत्याही कौन्सिलला बंदीचे समर्थन करणे जड गेलेले नाही. शहराचे हात एकाच बाबतीत थोडे बांधलेले आहेत : परवानाधारक विक्रेत्याची घरपोच सेवा सार्वजनिक रस्त्यावरून जात असेल तर ती वाहतूक अडवता येत नाही, आणि २०२४ पासून वैद्यकीय गांजाच्या घरपोच विक्रीवर बंदी घालता येत नाही. या दोन्हींचा आपल्याला उपयोग नाही. बंदी घटनाबाह्य आहे असे सांगून आपल्याकडून आगाऊ फी मागणारा वकील भेटलाच, तर त्याला दुरूनच नमस्कार करावा.

‘हेम्प’ हा बचाव आपल्याला वाटतो तितका भक्कम नाही. संघराज्याच्या २०१८ च्या फार्म बिलाने, म्हणजे शेतीविषयक कायद्याने, ०.३ टक्क्यापर्यंत डेल्टा-९ टीएचसी (टीएचसीचा मुख्य, नशा आणणारा प्रकार) असलेल्या हेम्पला मोकळीक दिली, हे खरे आहे. परंतु कॅलिफोर्नियाने २०२१ च्या एबी ४५ या कायद्यान्वये ओढण्याच्या हेम्प उत्पादनांची राज्यातील विक्री, विधिमंडळ त्यांच्यावरील कर ठरवीपर्यंत, बंद ठेवली. ती राज्याबाहेर विकण्यासाठी तयार करता येतात, इथल्या काउंटरवर ठेवता येत नाहीत. शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये काँग्रेसने हेम्पची व्याख्याच बदलली असून वर्षभराने लागू होणाऱ्या त्या व्याख्येत तयार मालाच्या एका डब्यामागे एकूण टीएचसीची मर्यादा ०.४ मिलिग्रॅम आहे. व्हेप कार्ट्रिज त्या मर्यादेत बसवणे जवळपास अशक्य आहे.

आपण पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. खोक्यावर राज्याचे त्रिकोणी गांजाचिन्ह नाही. क्यूआर कोडमधून उघडणाऱ्या लॅबच्या अहवालावरील बॅच नंबर खोक्यावरील नंबराशी जुळत नाही. त्या अहवालात डेल्टा-९ समोर ‘आढळले नाही’ असे असले तरी त्याखालच्याच ओळीत टीएचसीए, म्हणजे टीएचसीचे कच्चे रूप, ऐंशी टक्क्यांच्या वर दाखवले आहे. टीएचसीए तापवले की त्याचेच डेल्टा-९ होते, आणि व्हेप पेनचे काम तापवण्याचेच आहे. राज्याचा कायदा टीएचसीएलाही टीएचसीच मानतो. हा अहवाल आपल्या बाजूचा पुरावा आहे असे समजून आपण तो अधिकाऱ्याला ईमेल करण्याच्या विचारात आहात. तसे कृपया करू नका.

रीतसर परवान्याचा विचार सोडून द्यावा. राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ कॅनॅबिस कंट्रोलचा परवाना स्थानिक नियमांच्या विरोधात दिला जात नाही, म्हणजे शहराची बंदी असेपर्यंत राज्याच्या राजधानीचे, सॅक्रामेंटोचे, दार बंदच आहे. उद्या शहराने बंदी उठवली तरी बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडच्या कलम २६०५४ नुसार परवानाप्राप्त जागेत मद्य किंवा तंबाखू विकता येत नाही, आणि शाळा किंवा पाळणाघरापासून साधारणपणे ६०० फुटांचे अंतर राखावे लागते. आपले दुकान सिगारेट आणि बिअरवर चालते. शिवाय जो परवाना राज्याच्या दृष्टीने अधिकृत, तो इमिग्रेशन खात्याच्या दृष्टीने आपणच सही करून दिलेला कबुलीजबाब ठरतो.

आता मुख्य मुद्दा. गांजा संघराज्याच्या कायद्याने आजही नियंत्रित द्रव्य आहे. तो अशा द्रव्यांच्या सर्वांत कडक, पहिल्या अनुसूचीतून सौम्य अशा तिसऱ्या अनुसूचीत गेला तरी नियंत्रितच राहील, त्यामुळे बातम्यांवर विसंबू नये. एप्रिल २०१९ मध्ये इमिग्रेशन खात्याने आपल्या धोरणात स्पष्ट केले की राज्याच्या कायद्याने मान्य असलेला गांजाचा व्यवसायही नागरिकत्वासाठी लागणाऱ्या ‘चांगल्या नैतिक चारित्र्या’च्या आड येऊ शकतो. नियंत्रित द्रव्याच्या व्यापारात सामील असल्याचे ‘मानण्यास कारण’ असले, तरी देशात प्रवेश नाकारता येतो. त्यासाठी शिक्षा झालेली असण्याची गरज नाही. गुन्ह्याचे आवश्यक घटक स्वतः कबूल करणेही पुरेसे ठरू शकते. म्हणून ‘दंड भरून मोकळे’ होण्यापूर्वी, त्या कागदावर आपण नेमके काय मान्य करीत आहोत हे पाहणे आवश्यक आहे.

नोटीस पुन्हा वाचा. ती प्रशासकीय दंडाची असेल तर ती सहसा फौजदारी शिक्षा मानली जात नाही. परंतु तिच्यात न्यायालयात हजर राहण्याची तारीख असेल, तर प्रकरण फौजदारी आहे. कॅलिफोर्नियात शहराच्या नियमाचा भंग, शहराने त्याला सौम्य स्वरूप दिलेले नसल्यास, मिस्डमीनर (कमी गंभीर फौजदारी गुन्हा) असतो. परवान्याशिवाय गांजा विकण्याच्या गुन्ह्यात सर्वसाधारणपणे सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ५०० डॉलरपर्यंत दंड आहे. अमेरिकन नागरिकाला ही शिक्षा हलकी वाटेल, ग्रीन कार्डधारकाला मात्र तीच हद्दपारीपर्यंत नेऊ शकते. अशा प्रकरणात इमिग्रेशन कायदा जाणणाऱ्या वकिलाशी बोलल्याशिवाय कोणत्याही तडजोडीवर सही करू नये.

प्रशासकीय नोटीस असल्यास तिच्यात दिलेल्या मुदतीत लेखी हरकत नोंदवा आणि सुनावणी मागा. हरकतीत वस्तुस्थितीचे वर्णन करू नका, ‘आरोप अमान्य आहेत’ एवढेच लिहा. सुनावणीचा निर्णय विरोधात गेला तर गव्हर्नमेंट कोडच्या कलम ५३०६९.४ नुसार सुपीरियर कोर्टात जाण्यास आदेश मिळाल्यापासून अवघे वीस दिवस मिळतात. माझ्या मते लढाई तिथपर्यंत नेऊ नये. आपल्या वकिलाने सिटी ॲटर्नीशी (शहराच्या वकिलाशी) बोलून, कोणतीही कबुली न देता, नोटिशीत गांजाऐवजी ‘विक्रीस मनाई असलेले व्हेप उत्पादन’ अशा शब्दांत प्रकरण मिटवण्याचा प्रयत्न करावा. लहान शहरांना बहुधा माल हटवायचा असतो, खटला चालवायचा नसतो.

माल आजच काउंटरवरून काढा, पण फेकू नका आणि घाऊक विक्रेत्याला परतही पाठवू नका, कारण फेकल्यास पुरावा नष्ट केल्याचा आणि परत पाठवल्यास वाहतुकीचा नवा प्रश्न उभा राहील. खोक्यांची यादी करा, फोटो काढा, बिले जोडा आणि सर्व सीलबंद करून कुलपात ठेवा; नंतर शहराच्या उपस्थितीत नष्ट करून पावती घेता येईल. विक्रेत्याशी आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या विषयावर एक अक्षरही लिहू नका. आपला भाचा विद्यार्थी व्हिसावर असून संध्याकाळी काउंटरवर बसतो, असे आपण ओघात लिहिले आहे. त्याला उद्यापासून बसवू नका. कामाची परवानगी नसताना काम करणे हा त्याच्यापुरता वेगळाच प्रश्न आहे, आणि विकलेल्या मालामुळे तो कितीतरी पटीने बिकट होतो.

प्रलंबित अर्जाच्या मुलाखतीत नियंत्रित द्रव्य विकल्याबद्दल आणि कोणत्याही अधिकाऱ्याने नोटीस दिल्याबद्दल थेट प्रश्न येतो. तिथे खोटे बोलणे मूळ चुकीपेक्षा महागात पडते. मुलाखतीपूर्वी अर्ज मागे घ्यायचा की नोटिशीची माहिती आपणहून द्यायची, हा निर्णय सगळी कागदपत्रे पाहिल्यानंतरच घेता येईल.

साताऱ्याच्या लग्नाचे तिकीट मात्र अजून काढू नका. ग्रीन कार्डधारक परत येताना साधारणपणे नव्याने प्रवेश मागणारा समजला जात नाही, पण नियंत्रित द्रव्यासंबंधीचा विशिष्ट गुन्हा केला असल्यास समजला जातो, आणि मग आपण प्रवेशास पात्र आहोत हे आपल्यालाच सिद्ध करावे लागू शकते. सुनावणी डिसेंबरच्या आत आटोपून कबुलीविना लेखी समझोता हाती आला, तर इमिग्रेशन वकिलाचे लेखी मत घेऊन जाण्याचा विचार करता येईल. तसे झाले नाही तर या वेळी आपल्या पत्नीला एकटीला पाठवावे.