स्मृती शिष्यवृत्तीच्या अर्जात घरची परिस्थिती कशी मांडावी?

सप्रेम नमस्कार,

आपण भोर तालुक्यात दोन एकर भातशेती करता आणि आपली कन्या पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. तिच्या महाविद्यालयात एका दिवंगत प्राध्यापकांच्या स्मरणार्थ गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती दिली जाते; परंतु आपले ६४ टक्के गुण कमी आहेत आणि घरची गरिबी चार लोकांपुढे मांडणे बरे दिसत नाही, असे म्हणून ती अर्ज भरायला तयार नाही, असे आपण पत्रात कळवले आहे. तिने अर्ज अवश्य भरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा शिष्यवृत्तीमागे बहुधा कुटुंबीयांनी किंवा माजी विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाकडे ठेवलेली कायम ठेव असते, तिच्या व्याजातून दरवर्षी मदत दिली जाते आणि ती कोणाला मिळावी हे देणगीच्या अटींवरून ठरते. तेव्हा सूचनाफलकावरील दोन ओळींवर न थांबता कन्येने कार्यालयात जाऊन मूळ अटी वाचाव्यात. आर्थिक गरज हाच मुख्य निकष असेल आणि गुणांची किमान अट ती पूर्ण करत असेल, तर केवळ ६४ टक्क्यांच्या धास्तीने तिने माघार घेऊ नये.

राहिला संकोचाचा प्रश्न, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘आमची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे’ या वाक्यातून निवड समितीला काहीच कळत नाही आणि लिहिणाऱ्या मुलीला मात्र ते खुपते. त्याऐवजी तिने असे लिहावे: ‘आमच्या शेतात वर्षातून भाताचे एकच पीक निघते; एरवी घरखर्च दोन म्हशींच्या दुधाच्या दर दहा दिवसांनी येणाऱ्या बिलावर चालतो; त्यातून माझ्या खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे भागत नाहीत.’ खाली महिन्याचा जमाखर्च मांडावा आणि मिळालेली रक्कम कशासाठी वापरणार, तेही नमूद करावे. (म्हशींचा तपशील मी कल्पनेने घातला आहे, तिथे आपल्या घरचा खरा तपशील यावा.) यात हात पसरण्यासारखे काहीही नाही, शेतकरी कुटुंबाचा प्रामाणिक हिशेब लिहिताना मान खाली घालण्याचे कारण नाही, हे आपणच तिला सांगितलेत तर ते तिला अधिक पटेल.

तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला आपले सरकार सेवा केंद्रातून आधीच काढून ठेवावा, कारण प्रवेशाच्या दिवसांत तेथे गर्दी उसळते. सातबारा उतारा, गुणपत्रिका आणि बोनाफाईड दाखलाही लागू शकतो.

महाडीबीटी पोर्टलवरील राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. मात्र ती शिक्षण व परीक्षा शुल्कापुरती असल्याने खोली आणि मेसचा भार तिने हलका होत नाही. दोन्ही मदती एकाच वेळी घेता येतात का, हे अर्जापूर्वी कार्यालयात विचारून घ्यावे. राहण्याची अडचण मोठी असेल, तर डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहाचीही चौकशी करावी; ग्रामीण भागातून पुण्यात शिकायला येणाऱ्या गरजू मुलामुलींसाठीच ही संस्था काम करते.

अर्ज मुदतीच्या शेवटच्या दिवसावर न ठेवता आधीच द्यावा, त्याची एक प्रत जवळ ठेवावी आणि तिच्यावर कार्यालयाची तारखेसह पोच घ्यावी.