हाताने बनवलेलं डिझायनर फर्निचर आणि दिवे एवढे पैसे देऊन घ्यावेत का?

तुम्ही विचारलंय की लातूरच्या नव्या फ्लॅटसाठी पुण्या-मुंबईहून हस्तनिर्मित डायनिंग टेबल आणि वेताचा लटकता दिवा मागवावा, की सुताराकडून करून घ्यावं. प्रश्न वाचला आणि आमच्या दाजींचं टेबल डोळ्यांसमोर आलं, म्हणून लिहायला बसलो.

आधी एक सांगतो. 'हस्तनिर्मित' हा शब्द बघून पैसे देऊ नका. मशीनवर कापून शेवटी हाताने पॉलिश पेपर फिरवला तरी ते हस्तनिर्मितच असतं म्हणे.

आमचे अण्णा औसा तालुक्यातले सुतार. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्याकडे लोकांनी धडाधड माळवदं, म्हणजे लाकडी तुळयांवरची मातीची छतं, उतरवली आणि पत्रे टाकले. छतावरच्या मातीनं आणि दगडी भिंतींनी माणसं गाडली होती, डोक्यावर परत माती कुणाला नको होती. आमचंही माळवद उतरलं. त्याच्या सागवानी तुळया अण्णांनी विकल्या नाहीत, गोठ्यात रचून ठेवल्या. २०१८ ला ताईनं संभाजीनगरला घर घेतलं, तेव्हा अण्णा म्हणाले, त्यातलं टेबल करून देतो. दाजी म्हणाले, "मामा, तुम्ही कशाला त्रास घेता? आम्ही डिझायनर बघून ठेवलंय." अण्णा गप्प बसले. मी अजून बसलेलो नाही.

दिवाळीत टेबल आलं. एक लाख दहा हजार. अण्णांनी खाली वाकून हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, "जावईबापू, ह्या लाकडानं उन्हाळा बघितलेला नाही." दाजी हसले. मे महिन्यात टेबलाला मधोमध चीर गेली, रुपयाचं नाणं उभं जाईल एवढी.

लाकूड लांबीत जवळपास आकसत नाही, रुंदीत आकसतं. समुद्राकाठच्या दमट हवेत जोडलेल्या फळ्या आपल्याकडच्या मे महिन्यात आल्या की अंग चोरतात. त्यात खालच्या आडव्या पट्ट्या स्क्रूने करकचून आवळलेल्या. सरकायला जागाच नाही म्हटल्यावर फळी फाटणारच. शिवाय दाजींनी टेबल ठेवलेलं कूलरच्या तोंडाशी, म्हणजे एक टोक ओलं आणि दुसरं कोरडं ठणठणीत. दुकानदार फोनवर म्हणाला, तुमच्याकडची हवाच खराब आहे. हवा खराब आहे हे मान्य, पण ती काय काल झाली?

दिव्याचं लवकर आटोपतो. दाजींनी वेताचाही घेतला होता. त्याची जाळीदार सावली थेट ताटात पडते, भातातला खडा दिसत नाही. वर ६५०० केल्विनचा पांढराफटक बल्ब, त्यात वरण आजारी दिसतं. २७०० ते ३००० चा, पिवळसर उजेडाचा घ्या. होल्डर आट्याचा, म्हणजे बल्ब फिरवून बसवायचा, आहे का तेही बघा, त्यात आपला नेहमीचा पिनचा बल्ब बसत नाही. ताईला रात्री आठ वाजता बल्बसाठी तीन दुकानं फिरावी लागली होती.

टेबल घेताना वरून बघूच नका. खाली वाका. पट्ट्यांची स्क्रूची भोकं लांबट आहेत का बघा, म्हणजे फळीला सरकायला जागा राहते. लाकूड कुठलं आणि किती वाळवलंय ते विचारा. विकणारा गडबडला तर उठून या.

आता सगळेच सुतार अण्णा नसतात, हेही खरं. दोन महिने सांगून सात महिने लावणारे आहेत, ॲडव्हान्स घेऊन फोन न उचलणारे आहेत, आणि सागवान सांगून प्लायवर सनमायका ठोकणारे तर गल्लोगल्ली. जुन्या तुळईतही खिळे निघतात, त्यावर करवत गेली की पातं गेलं. चांगला डिझायनर असेल तर त्याच्या डोक्याचे पैसे द्यावेत, माझं त्याला ना नाही. दाजींचा तसा नव्हता.

त्या जूनमध्ये अण्णा पटाशी आणि रंधा पिशवीत घालून एसटीने संभाजीनगरला गेले. सगळे स्क्रू काढले, चीर सरसाने आवळून बंद केली, पट्ट्या बदलल्या आणि भोकं लांबट केली. त्यानंतर पाच उन्हाळे टेबल जागचं हललेलं नाही. दाजी पाहुण्यांना अजून डिझायनर पीस म्हणून दाखवतात. दाजी, हे वाचत असाल तर एकदा खाली वाकून बघा. त्या पट्ट्या आमच्या गोठ्यातल्या तुळईच्या आहेत.